राखण

वावरात शिरलेल्या जनावराचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या भागात दर हंगामाला नव्यानं उभा राहतो. पेरणीला उभा राहतो, तुरीची शेंग भरताना उभा राहतो, आणि हरभऱ्याला घाटे धरले की रोज रात्री उभा राहतो. अमरावतीहून चांदूर रेल्वेकडं निघालं की पोहरा-मालखेडचं रान लागतं. त्या रानाच्या कडेनं जी गावं आहेत त्यातलं एक माझं. शहरातला पाहुणा मुक्कामाला आला आणि जेवताना जनावरांचा विषय निघाला की तो हळूच विचारतो, "मग तुम्ही मारता का हो त्यांना?" आणि पारावर बसलं की गावातली तरणी पोरं विचारतात, "मारत कावून नाई?" एकाला भीती, की आम्ही मारत असू. दुसऱ्याला राग, की आम्ही मारत नाही. दोघंही मारण्यापाशीच येऊन थांबतात. मला वाटतं, मारायचं की नाही हा शेवटला प्रश्न आहे. त्याच्या आधीचे प्रश्न कोणी विचारत नाही. पीक कोणाचं? त्यातला वाटा कोणी द्यायचा? आणि देणाऱ्यानं "पुरे" कधी म्हणायचं?

ज्यांनी वावर पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी जनावरं सांगतो, कारण सगळ्यांना एका मापानं मोजता येत नाही. हरीण उगवत्या सोयाबीनचे शेंडे खुडतं. शेंडा गेला तरी बुड राहतं, पाऊस चांगला असला तर झाड पुन्हा फुटतं. मोर पेरलेलं बी उकरतो. वांदर दिवसाढवळ्या येतो, तुरीच्या शेंगा अर्ध्या खातो, अर्ध्या फेकतो, आणि आपण ओरडलो की धुऱ्यावरच्या निंबावर बसून आपल्याकडं पाहत राहतो. रोही, ज्याला पुस्तकात नीलगाय म्हणतात, तो खातो त्याहून जास्त तुडवतो. घोड्याएवढं अंग. कळप तुरीतून गेला की बैलगाडी गेल्यासारखी वाट पडते. आणि रानडुक्कर. ते रात्री येतं, एकटं येत नाही, आणि वरचं न खाता बुडातून काढतं. पेरलेला मका तासानं तास वेचून खातं. भुईमुगाचं वावर सकाळी पाहावं तर कोणीतरी रातच्याला वखर फिरवून गेल्यासारखं वाटतं. हरणाचं नुकसान सोसता येतं, मोराचं हसून सोडता येतं. डुकरानं केलेलं पाहिलं की माणूस धुऱ्यावर मटकन खाली बसतो.

माझ्या लहानपणी आमच्याकडं ज्वारी होती. कपाशीच्या बरोबरीनं ज्वारी, तिच्यात मूग-उडीद. कणीस भरलं की वावरात चार लाकडांचा माळा उभा राहायचा, आणि शाळेतून आलेली पोरं गोफण घेऊन त्यावर चढायची. चिमण्या, पोपट, साळुंक्या थव्यानं यायच्या. मी गोफणीत दगड घालून नेम धरला की बाबा खालून ओरडायचे, "उडव त्याईले. मारू नोको." मी एकदा विचारलं, उडवलं तर ते बाजूच्या वावरात जातात, मग फायदा काय? बाबा म्हणाले, "जाऊ दे ना. तिथं थे दोन दाने खाते, मंग थो उडवते. पुढच्या वावरातून तिसरा उडवते. असं फिरू फिरू साऱ्या गावात जेवते पाखरू. बसू देलं त एकाचंच वावर खाईन."

बाबा शाळेत गेले नव्हते. पण ह्या बोलण्यात सगळ्या गावाचा हिशेब होता. पाखराला उपाशी ठेवायचं नव्हतं आणि एकाच शेतकऱ्याला बुडवायचंही नव्हतं. दहा जण राखतात म्हणून खाणं दहांत वाटलं जातं. राखण म्हणजे पाखराशी वैर असं मला त्या दिवसापासून वाटलं नाही. राखण ही वाटणी होती. खळ्यावर रास झाली की माय पहिल्या ओंजळी बाजूला काढायची. त्यात मागणाऱ्यांचं होतं, मुक्या जनावराचं होतं. ते तिनं आपल्या हातानं दिलेलं असायचं. माळ्यावर बसून आम्ही वाचवायचो आणि खळ्यावर बसून ती द्यायची. दोन्ही कामं एकाच घरातली होती, आणि कोणाला त्यात विरोध दिसत नव्हता.

पुढं सोयाबीन आलं. तीन-साडेतीन महिन्यांत पीक घरात, लगेच पैसा. एकेकानं ज्वारी सोडली. शेवटी ज्यानं हट्टानं दोन एकर ठेवली, त्याच्या वावरावर साऱ्या गावाची पाखरं उतरली. पूर्वी शंभर वावरांत जे खाणं वाटलं जायचं ते एका वावरावर आलं. त्यानंही सोडली. आज आमच्या गावातली माणसं भाकरीसाठी ज्वारी दुकानातून आणतात. ज्वारी जाण्याची कारणं पुष्कळ आहेत, भाव आहे, मजुरी आहे, पण शेवटचा धक्का बहुतेक ठिकाणी पाखरांनी आणि डुकरांनीच दिला. त्यात पाखरांचा दोष काय? त्यांचं पोट तेवढंच होतं. वाटेकरी कमी झाले होते.

डुकराचंही असंच. ती अचानक आभाळातून पडली नाहीत. आमच्याकडं गावाच्या गायरानाला ई-क्लास जमीन म्हणतात. तिथं गवत होतं, बोरी होत्या, रोही-हरणं तिथंच चरायची. त्यातली बरीच अतिक्रमणात गेली, बरीच उजाड झाली. लांडगा रानातून जवळजवळ दिसेनासा झाला. दुसरीकडं विहिरी-बोअर वाढले, जिथं उन्हाळ्यात काळी भेगाळलेली असायची तिथं रब्बीचा हिरवा हरभरा आणि गहू उभा राहिला. दाट सोयाबीनमध्ये डुकरी पिलं घेऊन दिवसा झोपली तरी दिसत नाही. एका वेळी चार-सहा पिलं. दाणा, पाणी आणि लपायला जागा, तिन्ही आम्हीच पेरून ठेवलं. आणि माळ्यावरची पोरं पुण्या-मुंबईला कंपनीत गेली. घरात राहिले म्हातारे. म्हाताऱ्याची खोकल्याची ढास डुकराला ओळखू येते, पण त्यानं ते पळत नाही.

कायद्याची गोष्ट इथंच येते. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. महाराष्ट्रात माणसं दुष्काळाच्या कामावर सुकडी खात होती, त्याच वर्षी तो दिल्लीत झाला. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प आला, आणि देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आमच्या जिल्ह्यातला मेळघाट होता. मी ह्या कायद्याच्या विरोधात नाही. तो झाला नसता तर माझ्या नातवाला वाघ चित्रातच दाखवावा लागला असता. पण कायद्याचं ओझं कोणाकोणाच्या डोक्यावर गेलं ते पाहिलं पाहिजे. आमच्याकडच्या फासेपारध्यांचं पोट तितर, ससा, हरीण, डुकरावर होतं. एका कायद्यानं त्यांचा धंदा गुन्हा झाला, आणि बदल्यात जमीन किंवा दुसरं काम बहुतेकांच्या हातात पडलं नाही. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड अशी कोरकूंची गावं रानातून उठून बाहेर आली. आणि रानाच्या कडेच्या शेतकऱ्यानं आपलं पीक दिलं, दर वर्षी दिलं, न विचारता दिलं. वाघ वाचला तो साऱ्या देशाचा झाला. रान राहिलं, त्याचा वारा-पाऊस साऱ्यांना मिळाला. खर्च मात्र धुऱ्याला धुरा लागलेल्यांनी केला.

देहूच्या तुकोबांची एक गोष्ट कीर्तनात नेहमी सांगतात. एका शेतकऱ्यानं त्यांना शेत राखायला बसवलं. पाखरं आली, तुकोबा भजनात, पाखरांना हाकलणं त्यांच्या जिवावर आलं. पाखरांनी पोटभर खाल्लं. मालक चिडला, त्यानं त्यांना पंचांपुढं नेलं. पंचांनी भरपाई करून द्यायला सांगितली. मग मळणी केली तर धान्य नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. कीर्तनकार त्या जास्तीच्या धान्यापाशी येऊन टाळ वाजवतात. मी शेतकरी, मी पंचाईतीपाशी थांबतो. तुकोबांची दया खरी होती, पण शेत दुसऱ्याचं होतं. पंचांनी त्यांना संत म्हणून सोडलं नाही. ज्यानं दया केली त्यानं ती भरून द्यावी, असा त्यांनी निवाडा केला. मला तो निवाडा फार शहाणपणाचा वाटतो. दया करू नका असं पंच म्हणाले नाहीत. दुसऱ्याच्या पोत्यातून करू नका, एवढंच त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट आमच्या मातीतली. गाडगेबाबा जन्मले अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला, १८७६ साली, आणि वाढले मामाच्या घरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तेव्हा ते नुसते देबूजी होते, उत्तम शेतकरी. सांगतात, की एकदा ते पिकावरची पाखरं हाकलत असताना वाटेनं जाणाऱ्या साधूनं त्यांना विचारलं, "ह्या दाण्याचा मालक तू आहेस का?" तो प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला, आणि पुढं १९०५ साली ते घर सोडून निघाले.

त्या प्रश्नाला मीही चाळीस वर्षं उत्तर शोधतो आहे. दाणा माझा आहे का? पेरला मी, पण ओल माझी नव्हती, माती माझ्या आधीची आहे, आणि त्या मातीवर माझ्या पणज्याच्याही आधी रोह्याचे खूर उमटलेले आहेत. असं पाहिलं तर मी मालक नाही. पण बियाण्याचं बिल माझ्या नावावर आहे, सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर आहे. कर्ज वसूल करायला येणारा माणूस "दाण्याचा मालक तू आहेस का" असं विचारत नाही, त्याला माहीत असतं. साधूनं तो प्रश्न देबूजीला विचारला, ते ठीकच. पण तो मला विचारायचा तर बँकेलाही विचारा, व्यापाऱ्यालाही विचारा. सगळ्यांनी मालकी सोडली तर मीही डुकरापुढं हात जोडून उभा राहीन.

हे सगळं बोलायला सोपं होतं, जोवर प्रश्न घरात आला नव्हता. चार-पाच वर्षांपूर्वी आला. माझ्या पुतण्यानं माझ्याच धुऱ्याला लागून दोन एकर ठोक्यानं केलं होतं. पोरगा बी.ए. झालेला, नोकरी नाही, बायको गरोदर. हरभरा असा होता की पाहत राहावं. घाटे भरायला लागले आणि डुकरं पडली. दोन रात्रींत अर्धा एकर उलथापालथा. तिसऱ्या दिवशी तो तारेचं बंडल घेऊन आला.

"काकाजी, मोटरच्या पेटीतून करंट देतो. तुमच्या धुऱ्यावरून तार न्यावा लागते."

मी म्हटलं, "नाई न्यायची."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ठोका तुमी देनार हाय का? डुकरावर दया तुमची, अन् हरभरा माहा."

तुकोबांच्या पंचांनी जे म्हटलं असतं तेच तो म्हणत होता. मला राग आला नाही. पण तार का नको, हे मला त्याला नीट सांगता आलं पाहिजे होतं, आणि इथं ते नीट लिहून ठेवतो.

ज्या करंटवर मोटर चालते तोच उघड्या तारेत सोडला की ती तार शिवणाऱ्याला सोडत नाही. आमच्याकडं शेतीची लाइन आळीपाळीनं असते, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री उठून जातो. थंडी, अंधार, हातात बॅटरी, धुऱ्यावरून चालत. म्हणजे ज्या वेळी तारेत करंट असतो त्याच वेळी माणूस धुऱ्यावर असतो. विदर्भात अशा तारांवर डुकरं मेली, तशी माणसंही मेली. दुसऱ्याच्या तारेवर शेजारी मेले, स्वतःच्या तारेवर लावणारे मेले. आणि माणूस मेला की लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा, म्हणजे एका तारेनं दोन घरं बसली.

२०१७ साली ब्रह्मपुरीकडं एक वाघीण पकडून बोरच्या रानात सोडली होती. ती तिथं थांबली नाही. शेकडो किलोमीटर हिंडली, माणसं मारली, तिला गोळी घालायचा हुकूम निघाला, तो हायकोर्टापर्यंत गेला. शिकारी तिच्या मागावर होते. आणि ऑक्टोबर महिन्यात ती वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीविहिरीला एका शेताच्या तारेवर मेली. त्याच वर्षी नागभीडकडं, जय नावाच्या प्रसिद्ध वाघाचा श्रीनिवास नावाचा बछडाही तारेवरच गेला होता. वाघिणीसाठी कोर्टात एवढा खल झाला, मारावं की नाही, कोणी मारावं. तारेनं काही विचारलं नाही. तिनं वाघीण आहे की डुक्कर आहे, पाहिलंच नाही.

माझं म्हणणं इथं आहे. तारेला डोळे नाहीत. माळ्यावर बसलेला माणूस पाखरू पाहतो, किती बसली ते पाहतो, दोन दाणे खाऊ देतो आणि मग ओरडतो. तो "पुरे" म्हणू शकतो. तारेला "पुरे" म्हणता येत नाही. तिला डुक्कर कळत नाही, शेजारी कळत नाही, पिलाला दूध पाजणारी कळत नाही. तार लावून घरी झोपलेल्या माणसानं मारायचं ठरवलंय, पण काय मारायचं ते ठरवलेलं नाही. मी डुकराची दया येऊन तारेला नको म्हणत नव्हतो. काय मरेल हे न पाहता मरण पेरून ठेवायचं, ह्याला नको म्हणत होतो.

मग पाहून मारलं तर चालेल का? हा प्रश्न मी टाळणार नाही. आमच्या गावात माळकरी आहेत तसे मटण खाणारेही आहेत, आणि मी कोणाच्या ताटात डोकावत नाही. कायद्यातही पिकासाठी वाट आहे. २०१५ साली आपल्या सरकारनं पीक खाणाऱ्या रोही आणि रानडुकराला परवानगी घेऊन मारता येईल असा निर्णय काढला. परवाना घेऊन, बंदूक चालवता येणाऱ्या माणसानं, समोर काय आहे ते पाहून डुक्कर मारलं, तर त्याला मी पाप म्हणणार नाही. पोटासाठी शेती करणारा पोट राखतो आहे. पण गावात बंदूक किती जणांकडं? परवान्याचा कागद फिरेपर्यंत हरभरा खळ्यावर जातो, किंवा डुकराच्या पोटात जातो. आणि मारून प्रश्न सुटतो असंही नाही. २०१६ साली बिहारमध्ये मोकामाकडं बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेच्या वर रोही मारले. त्यावरून दिल्लीत दोन मंत्री एकमेकांविरुद्ध बोलले. एक म्हणाले राज्यांनी मागितलं म्हणून परवानगी दिली, दुसऱ्या म्हणाल्या ही मारायची हौस आहे. दोघांपैकी कोणाच्याही वावरात रोही शिरला नव्हता. खाणं, पाणी आणि लपण जिथं आहे तिथं मारलेल्याच्या जागी दुसरं जनावर येतं.

ज्यांना मारणं पटत नाही त्यांचं उत्तर असतं, सरकार नुकसानभरपाई देतं ना! देतं. तीन दिवसांच्या आत अर्ज करायचा, मग वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक येऊन पंचनामा करतात. काही ठिकाणी वेळेवर होतं, आणि तसं करणाऱ्या माणसांचे मी आभारच मानीन. पण एक गोष्ट त्या कागदात बसत नाही. सातबारा ज्याच्या नावावर त्याचं नुकसान. माझ्या पुतण्यानं ठोक्यानं केलं होतं, सातबारा अमरावतीत राहणाऱ्या मालकाचा. डुकरानं खाल्लं एकाचं आणि कागदावर नुकसान दुसऱ्याचं. बटईनं, ठोक्यानं करणारे आज प्रत्येक गावात आहेत, बहुतेक गरीब आहेत, आणि रानाला लागलेली हलकी जमीन त्यांच्याच वाट्याला येते. कागदालाही डोळे नसतात. तार जशी शेजाऱ्याला पाहत नाही, तसा पंचनामा ठोकेकऱ्याला पाहत नाही.

त्या दिवशी तार लावायची की नाही, हा वाद आमच्या ओसरीवर दिवेलागणीपर्यंत चालला. शेवट केला माझ्या बायकोनं. ती चहाच्या कपबशा उचलत म्हणाली, "नाई म्हनाले काय लागते? तार नोको म्हन्ता त तुमी जा जागलीले." त्यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. दुसऱ्या रात्रीपासून मी आणि पुतण्या आळीपाळीनं जागलीला. धुऱ्यावर शेकोटी, एक डबा, एक काठी, घरचं कुत्रं. पुढं बाजूचे दोघं आले, मग चार घरांची पाळी लागली. जागल काही सुखाची नसते. डुक्कर बिथरलं तर माणसाला फाडतं, म्हणून एकट्यानं जायचं नाही आणि वाट अडवायची नाही, आवाज करायचा आणि त्याला पळायला जागा सोडायची. उरलेला दीड एकर बराचसा वाचला. गेलेला अर्धा एकर गेला. त्याचा हिशेब करून निम्मं नुकसान मी माझ्या हरभऱ्यातून भरून दिलं. तो घेत नव्हता. मी म्हटलं, "पंचाईनं ठरवलं हाय." कोणत्या पंचांनी, ते त्याला कळलं नाही. त्याच्या बायकोनं पोतं आत नेऊन ठेवलं.

आता त्यानं झटका मशीन घेतलं आहे. ते बॅटरीवर चालतं, सौर पाटी लावलेली असते. त्यातला करंट सलग वाहत नाही, सेकंदा-सेकंदानं ठोका येतो. जनावर दचकतं, मागं फिरतं, मरत नाही. जन-वन योजनेत त्याला पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत अनुदानही आहे. पैसा नसलेले लोक जुन्या साड्या बांधतात. लांबून वावर असं दिसतं की जणू लग्नाचा मांडव घातला आहे. चार दिवस जनावर बुजतं, पाचव्या दिवशी साडीखालून येतं.

झटक्यानंही एक प्रश्न उभा केलाच. माझ्या कुंपणावरून फिरलेलं डुक्कर उपाशी रानात जात नाही, पुढच्या वावरात जातं. पुढच्यानं मशीन घेतलं की त्याच्या पुढच्याकडं. शेवटी सगळा कळप त्या विधवेच्या एका एकरात उतरतो जिच्याकडं मशीनला पैसे नाहीत. ज्वारीचं जे झालं तेच. बाबांची पाखरं गावभर थोडं थोडं खात फिरायची, आमची डुकरं सगळ्यात गरिबाचं वावर शोधत फिरतात. म्हणून कुंपण करायचं तर साऱ्या शिवाराचं करावं, रानाच्या कडेकडेनं, तिचा एक एकर धरून. आणि रानाच्या आत गवत-पाणी राहील असं पाहावं. नाहीतर एकाचं राखणं दुसऱ्याची लूट होते.

एकदा टीव्हीवर कॅनडाकडल्या बीव्हर नावाच्या जनावराचं दाखवत होते. मोठ्या घुशीसारखं दिसतं. दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालतं, आणि तुंबलेलं पाणी लोकांच्या शेतात, रस्त्यावर चढतं. बांध फोडला तर ते पुन्हा बांधतं. मारलं तर त्या जागी दुसरं येतं. तिथल्या काही लोकांनी मग बांधातून एक पाइप घातला, त्याच्या तोंडाला जाळी बसवली. पाणी बेतानं उतरतं, बीव्हरचं तळंही राहतं, शेतही राहतं. मात्र अधूनमधून जाऊन जाळी साफ करावी लागते. मला त्यातलं हे शेवटचं वाक्य आवडलं. जनावरासोबत राहायचं तर एकदाचं मिटवून टाकता येत नाही, कोणीतरी जाऊन पाहत राहावं लागतं.

शहरातल्या माणसांना माझं एवढंच सांगणं आहे, आणि त्यात राग नाही. मेळघाट पाहायला या, वाघ पाहा, आनंद करा. रान वाचलं पाहिजे असं तुम्हाला वाटतं, ते मलाही वाटतं. पण वाचवण्याची दया करायची तर तिचा वाटा आपल्याही पोत्यातून द्या. करातून द्या, जंगलसफारीच्या तिकिटातून द्या, ठोकेकऱ्याला भरपाई मिळावी म्हणून आवाज करून द्या. कसंही द्या, पण माझ्याच हरभऱ्यातून देऊन पुण्य तुमच्या नावावर लावू नका. आणि गावातल्या पोरांना सांगणं हे, की तुमचा राग खरा आहे, पण तो तारेच्या हवाली करू नका. जे करायचं ते समोर उभं राहून, पाहून करा.

आमच्या बोलीत शेताचीही राखण असते आणि रानाचीही राखण असते. सरकारी पाटीवरही "राखीव वन" असंच लिहिलेलं असतं. शब्द एकच आहे. दोन्ही राखणी एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या त्या आपण वाटेकरी कमी केले म्हणून. यंदा चार घरांची पाळी सहा घरांची झाली आहे. मंगळवार आणि शनिवार माझा. गुडघे कुरकुरतात, पण कान अजून चांगले आहेत. तुरीत खसखस झाली की मला कळतं, हरीण आहे की डुक्कर. हरीण असलं तर मी थोडा वेळ ओरडत नाही.